भोंगा म्हणा हवं तर, पण हिशोब पुरा करा

नमस्कार, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की हॉर्न स्पीकर (आवाजाच्या पडद्यापुढे कर्ण्यासारखं रुंदावत जाणारं तोंड असलेला) म्हणजे मांडवातलाच भोंगा, फक्त पॉलिश मारलेला. आवाज नाकातून येतो, कुठला सूर किती मोठा वाजतो याचा ग्राफ बघावा तर घाटरस्ता, आणि तीन-चार वॅटच्या ट्यूब अँपचं (काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप्लिफायर) कौतुक ही निव्वळ शायनिंग. शिवाय मी "क्लिपशहॉर्नपुढे महागडे टॉवर मेलेले वाटतात" असं लिहिलं (क्लिपशहॉर्न हा कोपऱ्यात बसवायचा मोठा हॉर्न स्पीकर, टॉवर म्हणजे जमिनीवर उभे राहणारे साधे स्पीकर) त्याचा राग आलाय. तो राग मान्य. ते वाक्य मी ऐकून आलो त्याच रात्री लिहिलं होतं, जरा उतरू द्यायला हवी होती.

नाकातल्या आवाजाचंही मान्य. दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून "आ" म्हणा, मग हात काढून परत म्हणा, तुमची तक्रार तिथेच ऐकू येईल. मी स्वतः लॅमिंग्टन रोडवरून पत्र्याचे जुने हॉर्न आणि कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या गळ्याशी बसणारा, आवाज काढणारा भाग) आणून जोडले होते, पहिल्यांदा वाजवले तर पेटी सनईसारखी आणि भीमसेनजी बादलीत तोंड घालून गातायत असं वाटलं. पण त्यात माझा हावरटपणा होता. प्रत्येक हॉर्न ठरावीक फ्रिक्वेन्सीखाली ड्रायव्हरला धरून ठेवणं सोडतो आणि मी क्रॉसओव्हर (खालचे सूर एका ड्रायव्हरला आणि वरचे दुसऱ्याला जिथे वाटले जातात ती जागा) नेमका त्याच काठावर, ५०० हर्ट्झला ठेवलेला. ८०० ला नेला, पत्र्याला बाहेरून गाडीच्या दरवाजात लावतात ती डॅम्पिंग शीट चिकटवली, अर्धी सनई गेली. उरलेली अर्धी अजून आहे, खोटं कशाला बोलू.

आता ग्राफ. तो साधारण एक वॅटला काढतात हो, आणि एक वॅटला तुमचा टॉवर सरळ येतो यात वादच नाही. पण पखवाजाची थाप एक वॅटवर थांबत नाही ना. समजा बसल्या जागी ८० डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) गाणं चाललंय आणि थाप त्याच्या २० डीबी वर गेली, म्हणजे १०० डीबी. बसायच्या जागेपर्यंत ६ डीबी गळतात असं धरलं तर स्पीकरपासून मीटरभर अंतरावर १०६ पाहिजेत. ८६ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे एका वॅटला मीटरभर अंतरावर ८६ डीबी देणाऱ्या टॉवरला त्यासाठी १०० वॅट लागतात (दर १० डीबीला वॅट दहापट). क्लिपशहॉर्नचा कंपनीचा आकडा १०५ चा आहे, त्यात कोपऱ्याचा फायदा धरलाय म्हणून आपण कापून १०० करू, तरी ४ वॅटमध्ये काम होतं. ट्यूब अँपवाल्यांची शायनिंग ती हीच (काहींची खरंच शायनिंग असते, ते वेगळं).

आणि त्या १०० वॅटमधला आवाज किती होतो? पाव वॅट. बाकी सगळी उष्णता, ती व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत. तांबं १०० डिग्रीने तापलं की त्याचा रेझिस्टन्स सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे थाप जिथे उसळायला हवी तिथे दोन-तीन डीबी दबून जाऊ शकते. हॉर्नमध्ये पडदा जेमतेम हलतो, कारण हवेचा भार त्याला नीट मिळतो, म्हणून कॉइल थंड आणि डिस्टॉर्शनही कमी. मी "मेलेले" म्हणालो ते या उसळीबद्दल होतं, टोनबद्दल नव्हतं. टोनमध्ये चांगला टॉवर बऱ्याच हॉर्नना मागे टाकतो, आणि रात्री हळू आवाजात ऐकायचं असेल तर माझा हा सगळा हिशोब बिनकामाचा.

बासबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत याचं नवल वाटलं, कारण खरी दुखरी नस तिथे आहे. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब. तिला पुरेल असा मोकळा हॉर्न करायचा तर तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर, म्हणजे फ्लॅटच्या जमिनीपासून जवळपास छतापर्यंत! पॉल क्लिपशने १९४६ च्या सुमाराला अर्कान्सामधल्या होप गावात यावर तोड काढली, हॉर्न दुमडून खोलीच्या कोपऱ्यात बसवला आणि दोन भिंती नि जमीन हेच त्याचं पुढचं तोंड केलं. डोकं बघा माणसाचं. पण दुमडलेल्या वाटेने येताना बासला दर मीटरमागे ३ मिलिसेकंद उशीर होतो, आणि आपल्याकडे दोन मोकळे कोपरे असलेला हॉल दाखवा मला, एकात दरवाजा नाहीतर फ्रिज असतोच. अवांतगार्द या हॉर्न स्पीकर बनवणाऱ्या कंपनीवाले म्हणूनच आपल्या बऱ्याच मॉडेलमध्ये वरती हॉर्न आणि खाली अँपसकट साधा वूफर देतात.

आणि एक गंमत. तुम्ही ज्या जेनेलेकच्या मॉनिटरचं (स्टुडिओत वापरतात तो स्पीकर) उदाहरण दिलंत ना, त्याच्या ट्विटरभोवतीचा (वरच्या सुरांच्या छोट्या ड्रायव्हरभोवतीचा) खोलगट भाग नीट बघा. आवाज कुठल्या दिशेला किती जावा हे तोच ठरवतो. हॉर्नचा चुलतभाऊ आहे तो.

शेवटी तुम्ही विचारलंय की १० बाय १२ च्या खोलीत काय घेऊ. काहीही घेऊ नका, आहेत तेच ठेवा. मोठ्या हॉर्नचे तीन ड्रायव्हर एकमेकांत मिसळायला तीन-साडेतीन मीटर तरी अंतर लागतं, त्या खोलीत तुम्हाला बास एका कानाशी आणि झांज दुसरीकडे ऐकू येईल, मग परत कमेंट लिहाल आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नसेल.