घटस्फोट मिळाला ना? मग हुकूमनामा वाचता कशाला!

अभिनंदन! तारखा झाल्या, समुपदेशन झालं, मध्यस्थी झाली, अखेर निकाल लागला. आता नकलेच्या अर्जाची घाई करू नका. ई-कोर्ट्स या कोर्टाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवा, मावशीला व्हॉट्सॲप करा आणि मोकळे व्हा. सही-शिक्क्याची नक्कल काय, दुसऱ्या लग्नाच्या आठवड्यात काढता येईल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे हुकूमनाम्याची (निकालावरून कोर्ट काढतं त्या औपचारिक आदेशाची, म्हणजे डिक्रीची) एक प्रत दोघांनाही फुकट मिळायला हवी, हे नकलेच्या खिडकीवर चुकूनही बोलू नका. उगाच हसतील.

नक्कल हातात आलीच, तर वाचू नका. लग्नाची तारीख ११-०२-२०१४ ऐवजी ०२-११-२०१४ छापली असेल (परवाच एका हुकूमनाम्यात अगदी अशीच पाहिली), तर काय बिघडलं? फक्त विवाह नोंदणीचा दाखला शेजारी ठेवू नका. कारण कागदोपत्री तुमचं नोव्हेंबरातलं लग्न मोडलंय, फेब्रुवारीतलं अजून सुखात चालू आहे. पासपोर्टच्या खिडकीवर हे ज्याचं त्यानं समजावून सांगावं.

मुलाचं नाव चुकलं असेल तर मुलाचंच नाव बदला, गॅझेट स्वस्त पडतं.

पोटगी आकड्यात ८,००० आणि अक्षरी अठरा हजार? उत्तम. दोघंही जिंकलात.

निकालाच्या मधल्याच परिच्छेदात तुमचा निर्व्यसनी नवरा अचानक दारू पिऊन मारहाण करू लागला, तर घाबरू नका. तो दुसऱ्याच कुणाचा नवरा आहे. जुन्या निकालाची फाइल उघडून त्यावरच नवा टाइप केला की असे पाहुणे राहून जातात.

चूक सापडलीच, तर एका वेलांटीसाठी थेट उच्च न्यायालयात अपील ठोका. दोन न्यायमूर्तींना तेवढंच काम. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १५२ आहे, लेखनाच्या, आकडेमोडीच्या आणि नजरचुकीच्या चुका त्याखाली त्याच कोर्टात कधीही दुरुस्त होतात, मुदतीची अट नाही, हे कळलं तर मजाच जाईल. उलट पोटगी कमी वाटते म्हणून मात्र कलम १५२ चा अर्ज अवश्य करा. न्यायाधीशांनी विचार करून दिलेला निर्णय त्या कलमानं बदलत नाही. ढळढळीत चूक असेल तर ३० दिवसांत त्याच कोर्टात पुनर्विलोकन (रिव्ह्यू), निर्णयच चुकीचा असेल तर अपील, हा फरक वकिलांनी सांगायचा असतो. आणि निकाल परस्पर संमतीचा असेल तर कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९(२) नुसार अपीलच नाही, हेही सांगायचं असतं. म्हणूनच संमतीच्या अटींतली फ्लॅटची सातवी अट हुकूमनाम्यातून गळली तरी गप्प बसा. पुढे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावाल, तेव्हा ते कोर्ट हुकूमनाम्याच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. सह्या झालेला अटींचा कागद निशाणी (क्रमांक दिलेला कागद) म्हणून रेकॉर्डला लागलाय, पण ‘अटी हुकूमनाम्याचा भाग आहेत’ ही एक ओळ टाइप करायची राहिली. ओळच ती!

दुरुस्तीचा अर्ज करणार असाल तर जेवणाचा डबा घेऊन जा. केस निकाली निघालेली, म्हणजे फाइल रेकॉर्ड रूममध्ये. आधी ती मागवा. ती येईपर्यंत बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या यादीत, नाव नाही. नाव आलं की न्यायाधीश साहेब रजेवर. साहेब आले की ‘समोरच्यांचा से (लेखी म्हणणं) घ्या’. समोरच्यांनी घर बदललंय, बेलीफ नोटीस तशीच परत आणतो. पुढची तारीख दीड महिन्यानं. तोवर बदली होते आणि नवे साहेब म्हणतात, निकाल मी दिलेला नाही. अहो, नसेल दिलात! कलम १५२ मध्ये अधिकार कोर्टाला आहे, माणसाला नाही. कोर्टानं स्वतःहून करावी एवढी मुभा त्यात स्पष्ट लिहिलीय. दाखल्याची प्रत समोर आहे, मूळ अर्जात तारीख बरोबर आहे, उलटतपासात बरोबर आहे, फक्त तुमच्या टंकलेखकाच्या बोटाखाली दिवस आणि महिना उलटले. यात समोरच्याचं काय म्हणणं असणार? की लग्न नोव्हेंबरातच झालं?

हुकूमनामा निकालाशी जुळला पाहिजे आणि १५ दिवसांत तयार झाला पाहिजे, असं त्याच संहितेतला आदेश २० सांगतो. सही करण्याआधी नावं, तारखा, रकमा मूळ अर्जाशी ताडायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. ती वाचवून, साहेब, तुम्ही लोकांची आठ-आठ महिन्यांची रजा खाता. आणि वकीलसाहेब, मसुदा तुमचा, मूळ अर्जातच विरुद्ध पक्षाची जन्मतारीख चुकवलीत तर कामकाजातल्या चुका दुरुस्त करण्याचं कलम १५३ ही जोडावं लागतं, त्याची वेगळी फी घेताना लाज वाटत नाही? पक्षकारही कमी नाहीत. जिथं बोट ठेवलं तिथं सही!

अर्जात तीन रकाने करा: पान-परिच्छेद, छापलेला मजकूर, हवा असलेला मजकूर. प्रत्येक ओळीपुढे पुराव्याची प्रत, शेवटी प्रतिज्ञापत्र. जमलं तर समोरच्या पक्षाची ‘हरकत नाही’ अशी पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) अर्जासोबतच द्या, नोटिशीचा फेरा वाचतो. आणि विनंतीत निकाल व हुकूमनामा असे दोन्ही शब्द लिहा. नाहीतर निकालात फेब्रुवारी होईल, हुकूमनाम्यात नोव्हेंबर तसाच राहील, आणि फाइल पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असेल.