नवा कंपाउंड बो घ्यायचा की आहे तो नीट लावायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेलं धनुष्य. नवा घेण्याआधी आहे तोच नीट लावा (ट्यून करा), असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया थोडक्यात अशी: 'सात वर्षं जुना बो ट्यून करत बसा, हा सल्ला मुलांना मागे ठेवणारा आहे. नव्या बोचा वेग ३४० फूट प्रतिसेकंद आहे. माझी मुलगी ६६० गुणांवर अडकली आहे, बाण सारखे डावीकडे जातात. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड मिश्र सांघिक येतंय, आणि तुम्ही दोऱ्या पिळायला सांगताय.'

एक गोष्ट आधीच मान्य करतो. बो कधी बदलायलाच हवा, हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, ते राहून गेलं. ते खाली लिहितो. पण बाकीचा सल्ला मागे घेत नाही.

आधी वेग. कंपन्या छापतात तो आकडा साधारणपणे ७० पाउंड ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर), ३० इंच ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर) आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं लहान माप) बाण धरून काढलेला असतो. तुमची मुलगी ४६ पाउंड आणि साडेसव्वीस इंचांवर मारते, म्हणजे तो आकडा तिच्या हातात कधीच येणार नाही. शिवाय वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमात ६० पाउंडांच्या वर जाता येत नाही. वेगाचा खरा उपयोग अंतर माहीत नसतं तिथे, म्हणजे अमेरिकेतल्या शिकाऱ्याला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, आणि स्पर्धेतलं टारगेट ५० मीटरवर ठरलेलं आहे. साइट (बोवरचं नेम धरायचं साधन) एकदा बसवली की बाण किती खाली पडतो याने गुण जात नाहीत. वाऱ्यात वेगवान बाण थोडा कमी सरकतो, एवढा फायदा मी मानतो.

आता डावीकडे जाणारे बाण. इथे पहिला प्रश्न विचारायचा: सगळा गट एकत्र राहून डावीकडे जातो, की गट पसरतो? एकत्र राहून जात असेल तर साइट सरकवा, काम झालं. पसरत असेल तर बाणांवर क्रमांक घाला आणि बारा-बारा बाणांचे चार फेरे नोंदवा. एकच क्रमांक दर वेळी बाहेर जात असेल तर दोष त्या बाणात आहे. नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) फिरवून पाहा, नॉक बदला, शाफ्टला (बाणाच्या दांडीला) बारीक चीर आहे का बघा; चीर असेल तर तो बाण पुन्हा मारायचा नाही. क्रमांक बदलत राहिले तर मग बोकडे किंवा ग्रिपवरच्या हाताकडे वळायचं.

बोमध्ये सगळ्यात आधी दोरी आणि केबल बघा. सात वर्षांत एकदाही बदलल्या नसतील तर बाकी काहीच तपासू नका, संच बदला. दोरी हळूहळू ताणते, तशी ड्रॉ लेंग्थ आणि टायमिंग (दोन्ही कॅमचं एकाच वेळी थांबणं) सरकतं, पीप (दोरीतलं नेम धरायचं छिद्र) फिरतं. सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला संरक्षक धागा) सुटून धागे दिसत असतील तर ते धोक्याचंही आहे. नव्या दोरीला बसायला शंभर-दोनशे बाण लागतात. त्याआधी केलेलं बारीक ट्यूनिंग टिकत नाही.

त्यानंतर टायमिंग. मुलीला बाण लावून, टारगेटसमोर पूर्ण ड्रॉला उभं करा आणि बाजूने मोबाइलवर दोन्ही कॅमचा व्हिडिओ घ्या. वरचा स्टॉप (कॅम थांबवणारा खुंट) केबलला टेकला आणि खालच्यात दोन मिलिमीटर फट राहिली, हे व्हिडिओ थांबवला की स्पष्ट दिसतं. अशा बोची 'वॉल', म्हणजे ओढताना दोरी जिथे थांबते ती जागा, घट्ट लागत नाही, स्पंजसारखी दबते. मुलं याला 'आज बो मऊ लागतोय' म्हणतात, आणि आपण ते मनावर घेत नाही. उपाय म्हणजे बो प्रेसमध्ये (पात्या दाबून दोरी सैल करणाऱ्या साधनात) ठेवून केबलला अर्धा पीळ, मग पुन्हा तपासणी. कोणत्या केबलला पीळ द्यायचा हे कॅमच्या प्रकारावर ठरतं, म्हणून त्या मॉडेलचा ट्यूनिंग चार्ट जवळ हवाच. प्रेसशिवाय केबल काढायला जाऊ नका. ड्रॉ वेट बदलायचं असेल तर लिंब (बोच्या लवचिक पात्या) धरणारे बोल्ट पूर्ण घट्ट स्थितीपासून मोजा आणि वरखाली सारखेच वळसे द्या.

हा क्रम मोडू नका: दोरी, टायमिंग, ड्रॉ लेंग्थ, डी-लूपची (दोरीवरच्या छोट्या फासाची) उंची, रेस्ट (बाण टेकतो तो आधार), मग कागद (कागदातून बाण मारून फाटा कसा पडतो ते बघणं). केबलला एक पीळ दिला तरी त्यानंतरचं सगळं थोडं थोडं हलतं. आधी कागद करून मग टायमिंग सुधारणारे दोनदा काम करतात.

कागदावर दोन मीटरवरून मारा. नॉकचा फाटा वर दिसला तर रेस्ट किंचित वर घ्या, किंवा लूप खाली. आडवा फाटा असेल तर रेस्ट अर्धा मिलिमीटरच सरकवा. फाटा वाढला तर दिशा चुकली, उलट फिरा. सरकवूनही तसाच राहिला तर बाणाचा स्पाइन (दांडीचा कडकपणा), पिसं रेस्टला घासणं किंवा ग्रिप पिळली जाणं, यांपैकी काहीतरी आहे. पिसं घासतात का ते पावडर मारून लगेच कळतं. शेवटी १८ मीटरवर पिसांशिवायचा बाण पिसांच्या बाणांशेजारी बसतोय का बघा.

बो बदलायचा तो अशा वेळी: लिंबला चीर गेली आहे, कॅम किंवा अ‍ॅक्सल (कॅमचा आस) वाकला आहे, त्या मॉडेलचे मॉड्यूल (ड्रॉ लेंग्थ ठरवणारे कॅमवरचे भाग) मिळत नाहीत, किंवा मुलीची उंची वाढून सगळ्यात लांब मॉड्यूलही अपुरं पडतंय. चौथं कारण वाढत्या वयात सगळ्यात जास्त लागू पडतं, आणि ते मोजता येतं. पूर्ण ड्रॉला दोरी नाकाच्या टोकाला सहज लागते का, की त्यासाठी मान पुढे किंवा मागे न्यावी लागते? मान हलत असेल तर ती बोची चूक आहे, मुलीची नाही, आणि मग खर्च करायला हरकत नाही. घेताना पुढच्या दोन वर्षांची वाढ धरून मॉड्यूलची श्रेणी विचारा, आणि छापील वेगाऐवजी अ‍ॅक्सल-टू-अ‍ॅक्सल लांबी (दोन्ही आसांमधलं अंतर) बघा. आखूड बोमध्ये दोरीचा कोन तीव्र होतो आणि नाकाचा टेकू पुन्हा सुटतो.

तुमच्या बोचं मॉडेल, बाणांचा स्पाइन आणि त्या व्हिडिओतली एक चौकट पाठवलीत, तर यातलं कुठलं लागू पडतं ते नेमकं सांगता येईल.