म्हणे, आजोबांची शेती नातवाने बुडवली!

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा : पणजोबांना कर्ज ठाऊक नव्हतं, आजोबांनी घरचं बी आणि शेणखत यांवर शेती केली, एकत्र कुटुंबाने जमीन अखंड राखली, नातू मात्र आळशी निघाले, त्यांनी वावराचे तुकडे पाडले आणि सातबाऱ्यावर बोजा चढवला. वाचायला गोड आहे, पण महाराष्ट्राच्या शेतीचा इतिहास तसं सांगत नाही.

आधी कर्जाचं बघू. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर तुटून पडले. त्यांना हव्या होत्या हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे; हाती लागले ते जाळले. लोण नगर जिल्ह्यातही पोचलं, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. म्हणजे पणजोबांच्या बापजाद्यांनाच कर्ज चांगलं ठाऊक होतं. बरं, स्वातंत्र्यानंतर तरी? १९५१-५२च्या देशव्यापी ग्रामीण पतपाहणीत सहकारी संस्थांचा वाटा निघाला जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या घरात. जुन्या सातबाऱ्यावर बोजा दिसत नाही, हे खरंही असेल. कसा दिसणार? बरंचसं कर्ज सावकाराच्या वहीत, अंगठ्याच्या ठशाखाली असायचं.

आता घरचं बी. ह्यात तथ्य आहे. कणगीतलं निवडक बी राखेत घोळवून पुढच्या पेरणीला ठेवायचे, दुकानाची पायरी चढायची गरज नसे. हायब्रीड आलं आणि ती दोरी घराबाहेर गेली, कारण संकरित वाणाचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही. पण हे केलं कोणी? सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली १९६४ला, एच-४ हा संकरित कापूस १९७०ला. आज तिशीत असलेल्या नातवाचा बापही तेव्हा पोरसवदा असेल, नाहीतर जन्मलाच नसेल. पोतं खांद्यावर टाकून हायब्रीड घरी आणणारे आजोबाच होते! आणि त्यांनी ते हौसेने आणलं नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या माणसाला एकरी दोन पोती जास्त मिळणार असतील, तर तो आणखी कसली वाट बघेल?

विहिरीचं पाणी उपसणाऱ्या मोटेचंही तसंच. बैलजोडी धावेच्या उतारावरून खाली जायची, हाकणारा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर बसायचा, चामड्याची मोट विहिरीकाठच्या थारोळ्यात रिती झाली की बैलांना पाऊल पाऊल मागे रेटत पुन्हा विहिरीच्या काठाशी आणायचं. पहाटे जुंपलेले बैल ऊन चढेपर्यंत राबायचे, तेव्हा कुठे थोडे वाफे भिजायचे. हे ज्याने केलंय, त्याला डिझेल इंजिन घेणारा माणूस लोभी वाटत नाही. मोटेची गाणी गोड होती म्हणणाऱ्यांनी एकदा मोट हाकून बघावी.

राहिला अखंड जमिनीचा मुद्दा. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी खातं, म्हणजे एका खातेदाराची जमीन, १९७०-७१मध्ये ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. तुकडे पडले, यात वादच नाही. पण त्याला नातवाचा आळस कारण नव्हे. पोरं जगू लागली, वारस वाढले आणि शेतीबाहेर त्या मानाने रोजगार वाढला नाही. शिवाय पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ज्या जमिनीला आज ‘वडिलोपार्जित’ म्हणतात, ती मुळात दुसऱ्याची. घरचा माणूस तिच्यावर कूळ होता, म्हणजे मालकाला खंड देऊन ती कसत होता, आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनापासून कुळकायद्याने मालकीच्या वाटेला लागला. पणजोबांनी ती राखली कुठून?

आणि अखंड राहिली ती कोणाच्या जिवावर, हेही सांगायला हवं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी, हे महाराष्ट्राच्या कायद्यात आलं १९९४ला, देशभर २००५ला. त्याआधी वाटणीत चार भावांचे चार बांध पडायचे, बहिणींचा बांध कोणी मोजतच नसे. आजही कायदा असून बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. एकत्र कुटुंबाच्या कौतुकात ह्या सहीचा उल्लेख मला अजून एकाही संदेशात दिसलेला नाही.