मुलांच्या मांगामधल्या मुली: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातला एक मुद्दा मला माझ्याच लेखाकडे परत घेऊन गेला, म्हणून उत्तराला वेळ लागला. मुलगे डोळ्यांसमोर ठेवून काढलेल्या मांगांमध्ये (जपानी चित्रकथांमध्ये), म्हणजे शोनेन मांगांमध्ये, स्त्रीपात्रांना न्याय मिळत नाही, असे मी लिहिले होते. त्यावर आपले आक्षेप तीन आहेत. मी स्त्रीपात्रांना लढाईतल्या ताकदीने मोजले आणि ते माप मुळात पुरुषी आहे, हा पहिला. मासिक मुलांचे असेल तर केंद्रस्थानी मुलगाच असणार, मुलगी नायिका असेल तर मुलगे वाचणार नाहीत आणि मुलींसाठी शोजो मांगाचे वेगळे दालन आहेच, हा दुसरा. दुय्यम पुरुषपात्रेही तितकीच मागे पडतात आणि त्यांच्याबद्दल कोणी हळहळत नाही, हा तिसरा.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. ‘नारुतो’ या निंजांच्या मालिकेतली सकुरा एकही मोठी लढाई एकटीने जिंकत नाही, म्हणून ते पात्र फसले आहे, असे वाक्य मी लिहिले होते. ते चुकीचे होते आणि मी ते मागे घेते. जिंकलेल्या लढाया मोजायच्या ठरवल्या, तर ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधली विन्री हिशेबातच येणार नाही, कारण ती लढतच नाही. ती यांत्रिक हातपाय घडवणारी कारागीर आहे. आपल्या आईवडिलांचा खुनी स्कार समोर उभा असताना ती एकदा त्याच्यावर पिस्तूल रोखते, पण गोळी झाडत नाही. पुढे तोच स्कार जखमी अवस्थेत समोर येतो, तेव्हा ती त्याच्या हाताला पट्टी बांधते आणि आपण त्याला क्षमा केलेली नाही, हेही त्याला स्पष्ट सांगते. आपल्या जागी आईवडिलांनी हेच केले असते, एवढेच तिचे कारण असते. या प्रसंगात ताकदीचा प्रश्नच नाही, तरीही ही मालिका मिटल्यावर मला सर्वांत आधी आठवतो तो हाच प्रसंग.

म्हणून मी माझा प्रश्न आता नव्याने मांडते. पात्र किती बलवान आहे, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. त्या पात्राने स्वतः घेतलेल्या निर्णयाचा भार कथानक उचलते का, एवढेच मला पाहायचे आहे. या मापाने सकुराकडे पाहिले, की माझी तक्रार कमी होत नाही, उलट नेमकी होते. परीक्षेच्या वेळी जंगलात तिचे सोबती नारुतो आणि सास्के बेशुद्ध पडलेले असताना शत्रू सकुराचे केस धरतो आणि ती स्वतःचेच केस कापून सुटते. तो निर्णय संपूर्णपणे तिचा आहे आणि मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तो मला फार मोठा वाटला होता. पण काही पानांतच इतर मदतीला धावून येतात, मग सास्के शुद्धीवर येतो आणि प्रसंग त्याचा होऊन जातो. कित्येक खंडांनंतर, शत्रुपक्षात गेलेल्या सास्केला आपणच ठार करायचे, असे ती ठरवते, सोबत्यांना गुंगीचे औषध देऊन एकटी निघते, विषारी शस्त्र घेऊन त्याच्या पाठीशी पोहोचते, आणि शेवटच्या क्षणी तिचा हात थबकतो. नारुतो येऊन तिला वाचवतो आणि पुढची पाने त्या दोन मुलांच्या संवादाला जातात. हात थबकणे हा दोष नाही, कारण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावर वार करणे कोणालाही जड जावे. दोष असा, की इतक्या भयंकर निर्णयानंतर तिच्या आत काय उरले, हे पाहायला कथा थांबत नाही.

(सासोरी या शत्रूविरुद्धची सकुराची लढाई मी विसरले, ही आपली तक्रार रास्त आहे. त्याच्या विषावरचा उतारा सकुरा स्वतःच्या ज्ञानातून तयार करते आणि वृद्ध चियोबरोबर तिथे शेवटपर्यंत टिकते. त्या भागात लेखक तिच्या निर्णयांवर विश्वास ठेवतो, म्हणूनच तो भाग चांगला उतरला आहे.)

आता तिसरा आक्षेप, कारण तो मला सर्वांत कठीण वाटला. ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू, त्याचा मित्र क्रिलिन याचे उदाहरण आपण दिले आहे. खलनायक फ्रीझा क्रिलिनला मारतो आणि त्या संतापातून गोकूचे अधिक बलवान रूपात रूपांतर होते, म्हणजे नायकाला चेतवण्यासाठी मित्राचा बळी दिला जातो. हे खरे आहे. पण याच क्रिलिनला पुढे काय मिळते ते पाहा. अँड्रॉइड 18 या अर्धयंत्र स्त्रीला बंद पाडणारे, संशोधक बुल्माने बनवलेले यंत्र त्याच्या हाती असते. तो ते वापरत नाही, पायाखाली चिरडतो, कारण तिचा नाश करणे त्याला जमत नाही. त्यानंतर सेल हा खलनायक तिला गिळतो, पूर्णरूपाला पोहोचतो आणि पुढचे सगळे संकट तिथून सुरू होते. ताकदीच्या शर्यतीत केव्हाच मागे पडलेल्या एका दुय्यम पुरुषपात्राचा निर्णय संपूर्ण कथेला वाहावा लागतो. त्याच प्रसंगात अँड्रॉइड 18, जी त्याच्याहून कितीतरी बलवान आहे, ती आधी वाचवली जाते आणि मग गिळली जाते. मला फरक दिसतो तो इथे.

बुल्माबद्दल तर मला विशेष खंत आहे. 1984 साली सुरू झालेल्या या मालिकेची सुरुवातच तिच्यामुळे होते. सोळा वर्षांची मुलगी स्वतः रडार बनवते, ड्रॅगन बॉल, म्हणजे इच्छा पुरवणारे गोळे, शोधायला एकटी निघते, आणि जंगलात राहणारा गोकू तिच्यामागे जगात येतो. इच्छा तिची, साधन तिचे, वाटही तिने निवडलेली. पुढे मात्र तिची बुद्धी इतरांना लागेल ते यंत्र पुरवण्यापुरती उरते. सुरुवातीच्या भागांत चोरून पाहण्याचे जे विनोद तिच्यावर होतात, त्यांवर मी मूळ लेखात पुष्कळ लिहिले आहे आणि त्यातला एक शब्दही मला बदलावासा वाटत नाही.

हा प्रश्न एकट्या जपानचा नाही. अमेरिकेत 1988 सालच्या ‘द किलिंग जोक’ या प्रसिद्ध बॅटमॅन-कथेत बार्बरा गॉर्डनला, म्हणजे पूर्वीच्या बॅटगर्लला, गोळी घातली जाते ती केवळ तिच्या वडिलांना छळण्यासाठी. तिच्या स्वतःच्या वेदनेला तिथे जागाच नाही. पण पुढच्याच वर्षी किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखकांनी तिला ओरॅकल म्हणून परत आणले. व्हीलचेअरवर बसून माहितीचे जाळे चालवणारी ही स्त्री पुढे अनेक नायकांचा आधार झाली. इजा तीच राहिली, पण तिच्यापुढचे आयुष्य तिचे स्वतःचे झाले.

आपल्या दुसऱ्या आक्षेपाबाबत मात्र मी ठामपणे असहमत आहे. ‘शोनेन’ हे मुळात मासिक वा साप्ताहिक कोणत्या वाचकासाठी काढले, याचे नाव आहे. त्या पानांत काय मावू शकते, याची सीमा त्यातून ठरत नाही. रुमिको ताकाहाशी या लेखिकेची पहिली मोठी मालिका 1978 साली ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकातच सुरू झाली. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’च्या कर्त्या हिरोमु अराकावाही स्त्री आहेत आणि त्यांची मालिका 2001 ते 2010 या काळात ‘शोनेन गांगान’मध्ये आली. स्त्रीने लिहिले म्हणजे स्त्रीपात्र चांगलेच उतरते, असे मात्र मी म्हणत नाही, आणि तसा अर्थ माझ्या लेखातून निघत असेल तर तो माझ्या मांडणीचा दोष आहे. माझा मुद्दा एवढाच, की मुलांनी ही कथा आवडीने वाचली आणि विन्रीच्या प्रसंगाशी येऊन ती खाली ठेवली नाही.

साप्ताहिकाची अडचण मी जाणते. ‘शोनेन जंप’मध्ये वाचकांच्या मतपत्रिकांवरून मालिकांचे भवितव्य ठरते, आठवड्याची पाने मोजकी असतात आणि लोकप्रिय पात्राला बाजूला ठेवून दुसऱ्या कोणाला ती देणे लेखकाला परवडत नाही. 1994 च्या अखेरीस त्याच साप्ताहिकाचा खप 65 लाख 30 हजारांवर गेला होता. इतक्या मोठ्या यंत्रणेत धोका पत्करणे सोपे नसते, हे मला समजते. पण त्याच साप्ताहिकात 2016 ते 2020 या काळात ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ आली, जिची नायिका एम्मा अकरा वर्षांची आहे. अनाथाश्रमातून पळायचे तर सगळ्यांना घेऊनच, असा तिचा हट्ट असतो आणि ते अशक्य आहे, असे तिचा मित्र रे तिला पुन्हा पुन्हा बजावतो. शेवटी चार वर्षांची आणि त्याहून लहान मुले तिला मागे ठेवावी लागतात, आणि त्यांच्यासाठी परत येण्याचे तिने दिलेले वचन पुढच्या संपूर्ण कथेला बांधून ठेवते. मुलगी नायिका असेल तर मुलगे वाचणार नाहीत, हे आपले विधान मी या मालिकेसमोर ठेवून पाहिले आणि ते मला टिकताना दिसले नाही.

मी स्वतः हे मांगा वाचतच मोठी झाले आणि वर्षानुवर्षे नायकाच्या जागी स्वतःला ठेवून वाचत आले, त्याचा मला कधी त्रास झाला नाही. माझी अपेक्षा एवढीच आहे, की मुलग्यांनाही एखाद्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून असेच वाचता यावे. ‘जुजुत्सु कायसेन’ या मालिकेतल्या नोबारा या मुलीच्या जागी ते त्यांना जमत होते, असे मला वाटते. तशी मोकळी, स्वतःवर प्रेम करणारी मुलगी या पानांत क्वचितच येते. पण 2020 मध्ये ती जखमी होऊन पडली आणि कथा संपत आली तेव्हा, 2024 मध्ये, ती परतली. मधल्या चार वर्षांत ती जिवंत आहे की नाही, हेही वाचकाला कोणी धड सांगितले नाही. सकुराबद्दलचे वाक्य मी लेखातून काढले आहे. नोबाराबद्दलचा परिच्छेद तसाच ठेवला आहे, आणि त्यावर आपले मत वाचायला मला आवडेल.