वाट खणण्याआधी पाण्याचा विचार करा

बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाच्या काठाने श्रमदानातून पायवाट करायचा तुमचा बेत वाचून फार बरं वाटलं. फक्त एक विनंती, दिवाळीआधी कुदळ लावू नका. आमच्या गावच्या तळ्यावर आम्ही मे महिन्यात वाट खणली आणि पहिल्या वळवातच अर्धी माती तळ्यात गेली. वाट तळ्याकडे किंचित उतरती ठेवा, चढावर मधूनमधून तिरके दगड बसवा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत नाही. वाटेवरची घाणेरीची झुडपं नुसती कोयत्याने छाटली तर पुन्हा फुटतात, मुळासकट काढायला हवीत. आणि हे बेळगावकरांचं पिण्याचं पाणी आहे, तेव्हा परवानगी आधी घ्या, पत्रावळ्या काठावर टाकू नका. भाताची सुगी उरकली की माणसं मिळतात. रविवार ठरवा, कोयते-पहारी घेऊन आम्ही येतो.