समितीत बसतं कोण?
प्रत्येक पोलीस ठाण्याला नागरिकांची सल्लागार समिती दिली की विश्वास वाढेल, असं एका लेखात म्हटलंय. अहो, सणासुदीला गावात तंटा होऊ नये म्हणून पोलिसांनी नागरिकांना घेऊन केलेली शांतता समिती आहेच की! सण जवळ आला की बैठक लागते. पुढच्या खुर्च्यांवर तेच कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मंडपाच्या परवानगीवर दोन भाषणं, चहा-बिस्कीट, साहेबांसोबत फोटो. मग पुढच्या सणापर्यंत सगळे गायब.

भिवंडी आठवा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं शहर. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही धर्मांची साधी माणसं घेतली, पोलिसांना त्यांच्यासोबत बसवलं. गल्लीतली किरकोळ भांडणंसुद्धा तिथेच मिटायची. म्हणून तर डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

पण त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भडका उडाला, दोन पोलीस जमावाने मारले. साहेबांची बदली झाली की समिती ढेपाळते, त्याचं काय करायचं? लेखात त्यावर एक ओळ नाही. निदान सभासदांची नावं आणि बैठकीचं इतिवृत्त ठाण्याच्या फलकावर लावा, म्हणजे कोण कोणाच्या वतीने बोलतंय ते तरी कळेल.