ठेचलेला लसूण गालावर बांधू नका

"लसूण म्हणजे अमृत" अशी सुरुवात असलेला मेसेज या आठवड्यात मला चार ग्रुपवर आला. त्यातलं म्हणणं असं: पिरॅमिड बांधणारे मजूर लसणावरच धट्टेकट्टे राहिले, लसूण ठेचून चेहऱ्याला लावला की मुरूम एका रात्रीत जातात, आणि सकाळी अनशापोटी दोन पाकळ्या चावल्या की बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कायमच्या बंद.

मुरमांचं आधी सांगते. नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे. परवा एक कॉलेजची मुलगी ओढणी गालाशी धरून आली. ओढणी काढली तर रुपयाएवढा लालभडक चट्टा, मधोमध पाणी धरलेला फोड, कडेची कातडी सोललेली. रात्रभर ठेचलेला लसूण, वर चिकटपट्टी. पुटकुळी एकच होती! तिला तडक स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

हे का होतं? अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ठेचली की आतलं ॲलिन हे द्रव्य आणि ॲलिनेज हे एन्झाइम एकत्र येतात आणि ॲलिसिन हे उग्र वासाचं द्रव्य तयार होतं. 1944 मध्ये अमेरिकेत ते वेगळं काढलं गेलं, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत ते जंतू मारतं हे खरंच आहे. पण गालाच्या पेशींनाही ते सोडत नाही. कच्च्या लसणाने भाजल्याच्या कितीतरी केसेस त्वचारोगाच्या नियतकालिकांत छापून आल्या आहेत, आणि भाजल्याचा डाग मुरमापेक्षा जास्त दिवस राहतो.

पिरॅमिडची गोष्ट प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची. पिरॅमिड बांधून दोन हजार वर्षं उलटल्यावर तो तिथे गेला आणि दुभाष्याने सांगितलं ते त्याने लिहिलं: मुळा, कांदा, लसणावर झालेला खर्च. मजुरांच्या तब्येतीचा त्यात शब्द नाही.

आता गोळ्या. 2007 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 192 जणांवर सहा महिने चाचणी केली: कच्चा लसूण, लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या, आणि काहींना नुसत्याच बिनऔषधी गोळ्या. वाईट कोलेस्टेरॉल कुणाचंच म्हणावं तसं उतरलं नाही. बीपी काही चाचण्यांत थोडं उतरलेलं दिसतं, तेवढंच. आमच्या गल्लीतले एक आजोबा हा मेसेज वाचून तीन आठवडे गोळीशिवाय राहिले. दुकानातल्या यंत्रावर वरचा आकडा 184 आला, तेव्हा माझे हात गार पडले. मुलाला बोलावून त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलं.

शिवाय लसणाने रक्त गोठायला वेळ लागू शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर रोज कच्चा लसूण किंवा त्याच्या कॅप्सूल घेत असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा. भाकरीबरोबरच्या चटणीला किंवा वरणाच्या फोडणीला माझी काहीच हरकत नाही, आमच्याही घरी रोज असते.